काकांचं नाक

काकांच्या नाकाचा बेकरीत केवढा दरारा! ताजा पाव हातात घ्यायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि कोणी मळलाय ते सांगायचे. "मळणाऱ्याच्या हाताचा वास पिठात उतरतो," म्हणायचे. कामगार माना डोलवायचे. पोटाचा प्रश्न, मान डोलवायला काय जातं!

त्याच नाकानं पुतणीचा घात केला. एका सकाळी एका टोपातलं पीठ फुगलंच नाही, नुसता दगड. खमिरात कोणीतरी कढत पाणी ओतलं होतं. काकांनी वास घेतला आणि सगळ्यांसमोर बोट रोखलं, "हिचे हात!" आदल्याच दिवशी ती त्यांना उलटून बोलली होती, ते सोडा. दंडाला धरून बाहेर काढली तिला. तिचा बाप, काकांचा सख्खा धाकटा भाऊ, भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. गावातल्या एकाही बेकरीनं मग तिला दारात उभं केलं नाही.

आता गंमत बघा. पीठ तिनंच बिघडवलं होतं. घाईत झालं, कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली! आळ खोटा असता तर भांडता आलं असतं, मोकळं रडता आलं असतं. काकांनी अंधारात दगड भिरकावला, तो नेमका लागला, आणि म्हातारा समजला आपल्याला दिसतंय. खरं बोलला मेला, पण त्याला ठाऊक काय होतं? डोंबल!

कारण त्या नाकाची मेख तिनं केव्हाच ओळखली होती. भट्टीत घालण्याआधी जो तो आपल्या पावावर पात्यानं आपली चीर पाडायचा. कोणाची तिरकी, कोणाची दुहेरी, काकांची फुली. काका आधी पाव बघायचे, मग डोळे मिटायचे. लबाडी नव्हती हं. डोळ्यांची कमाई नाकाच्या नावावर जमा व्हायची, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. पण ते मेलेलं पीठ? त्याच्यावर चीर पडलीच नव्हती.

ती परगावी गेली, दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर राबली, स्वतःची बेकरी थाटली. मनातला निखारा काही विझू दिला नाही.

काका बेकरी मुलाच्या हाती सोपवणार होते, त्या दुपारी सगळं गणगोत आणि कामगार जमले. शेवटचं पीठ काकांनी हौसेनं स्वतः मळलं होतं. पुतणी आली ती स्वतःचा पाव घेऊन, जिभेवर साखर घोळवत.

"काका, नाकाची करामत दाखवा की. पण डोळे बांधून हं, उगाच कोणी शंका घ्यायला नको."

"बांध, बांध!" काका फुशारले. तिनं आपला रुमाल करकचून बांधला आणि काकूंच्या हाती स्वतःचा पाव दिला. काकूंनी तो काकांच्या नाकाशी धरला.

"हा माझा! हात लपतो होय?"

मग फुलीचा पाव. काकांनी नाक मुरडलं. "हा हिचा. कुबट. जित्याची खोड, दुसरं काय!"

कोणी हसेना. काकांनी रुमाल ओढून काढला. काकूंच्या हातात त्यांची फुली होती. एक जुना कामगार खुसकन हसला आणि मग हसू आवरेचना कोणाला. बाप या वेळी भट्टीकडे बघत नव्हता. पुतणीला वाटलं, आत्ता या घटकेला मेले तरी चालेल.

चहाच्या वेळी काका तिच्याजवळ आले. चेहरा पार उतरलेला.

"पोरी, ते त्या दिवशीचं पीठ... ते तुझंच होतं ना गं? एवढं सांग."

तिनं दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. "घ्या ना वास."

म्हातारा खरंच वाकला. किती तरी वेळ हुंगत राहिला. मग मान वर केली तेव्हा डोळ्यांत पाणी.

"कळत नाही गं."

"मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, काका," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली.