विहीणबाई बाजार बघायला आल्या

"अगं, जरा ऐसपैस बस. आज तू मालकीण आहेस," मी म्हटलं, तशी थोआ आणखीच आखडली. माझ्या बुटक्या स्टुलावर ती अशी टेकली होती, की कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं.

"दाओ, या टोप्यांना हात लावला तर मळतील का गं?"

"मालकीण असं विचारत नाही."

हा सगळा खटाटोप तिच्या मुलीचा, क्विनचा. क्विन दा नांग शहरात एका हॉटेलात काउंटरवर बसायची आणि तिथेच तिचं लग्न ठरलं होतं. सासरच्यांनी विचारलं, आई काय करते? पोरीच्या तोंडून निघून गेलं, ह्युएच्या डोंग बा बाजारात आमचं पानांच्या टोप्यांचं दुकान आहे. तेवढ्यावर निभावलंही असतं, पण होणारी सासू, दिएपबाई, भलतीच हौशी निघाली. लहानपणी एकदाच बघितलेला बाजार पुन्हा बघायचा, विहीणबाईंचं दुकानही बघायचं, म्हणून रविवारच्या गाडीने येतेच म्हणाली. क्विन आदल्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडली. थोआ तिच्या मागे उभी. शेवटी मीच म्हटलं, बसू दे एक सकाळ तिला माझ्या जागी. मी गिऱ्हाईक होईन.

थोआ खरी कावडवाली. नदीकडच्या दाराने केळी, भोपळे, शिंपले असा माल उतरतो, तो खांद्यावरून गल्ल्यागल्ल्यांत पोचवायचा. क्विन अंगावर पीत होती तेव्हाच नवरा तापाने गेला, तेव्हापासून हेच काम. त्या सकाळी तिला मी माझा जांभळा रेशमी अंगरखा घातला होता. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा बांधला होता. तरी ती मालकीण काही दिसेना. दिसली असती तरी बाजारातल्या प्रत्येक बाईला ती थोआच होती. येणारी-जाणारी थबकायची, मी डोळे वटारायची, ती तोंडावर हात धरून पुढे सटकायची.

दिएपबाई आल्या त्या तीळवडी चघळतच. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. क्विन त्यांच्या मागून पिशव्या सांभाळत येत होती.

"विहीणबाई!" त्यांनी थोआचे दोन्ही हात धरले. "वाटेत कोलंबीचं आंबट लोणचं चाखत आले हो. चौथ्या दुकानातली बाई म्हणाली, घेणार आहात की इथेच जेवणार आहात?"

थोआ हसली. मला वाटलं, जमतंय.

पण दिएपबाईंची प्रश्नांची गाडी सुटली ती थांबेना. ही पानं कसली? इतकी पांढरी कशी होतात? सपाट कशी करतात, इस्त्रीने? थोआ माझ्याकडे बघायला लागली. मी एक टोपी डोक्यावर चढवून आरशात बघत म्हटलं, "ताडाची कोवळी पानं असतात, वाफवून मग तापल्या लोखंडावर दाबतात. असं ऐकलंय बाई मी."

"तुम्हाला बरंच माहीत आहे!"

"जुनं गिऱ्हाईक आहे ना मी."

क्विनने डोळे मिटून घेतले.

मग दिएपबाईंनी वरच्या खुंटीवरची टोपी मागितली. आमच्या ह्युएच्या टोप्यांची खुबी अशी, की पानांच्या दोन थरांमध्ये कागदाची कातरकामं घालतात. एरवी काही दिसत नाही. उजेडासमोर धरली की चित्र उमटतं, कवितेच्या ओळी उमटतात.

"वाचून दाखवा ना," दिएपबाई म्हणाल्या. "माझा चष्मा लांबचा आहे."

थोआने टोपी उजेडात धरली. डोळे बारीक करून बघत राहिली.

"पूल आहे," ती म्हणाली. "खाली होडी आहे. होडीत एक बाई आहे, एकटीच."

"आणि खाली लिहिलंय ते?"

मी पुढे सरसावले, पण क्विनच घाईने म्हणाली, "आई, तू चष्मा घरी विसरलीस ना?"

थोआने टोपी हळूच खाली आणली आणि कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"मला चष्मा नाही लागत. वाचता येत नाही मला. हे दुकानही माझं नाही, विहीणबाई, या दाओचं आहे. अंगरखासुद्धा तिचाच. मी कावड वाहते."

क्विन पिशव्या घेऊन तशीच उभी, मान खाली. दिएपबाईंनी तोंडातली तीळवडी गिळली.

"क्विन," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाशीही असंच बोलतेस का?"

"नाही. त्याला सगळं ठाऊक आहे. तोच म्हणाला, तुम्हाला आत्ताच नको सांगायला."

हे मात्र दिएपबाईंना लागलं. त्या आधारासाठी स्टूल शोधायला लागल्या, मी दुसरं पुढे केलं.

"म्हणजे पोटचा पोरगाही मला भ्यायला," त्या म्हणाल्या. "इतकी वाईट आहे का हो मी?"

थोआ उठली. "तुम्ही बाजार बघायला आलात ना? चला. मी दाखवते."

मी दुकान शेजारणीवर टाकून त्यांच्या मागे निघाले. मलाही राहवेना.

इतकी वर्षं मी या बाजारात आहे, पण थोआचा बाजार माझ्यापेक्षा वेगळाच होता. तिला वाटा पायाने ठाऊक होत्या. इथे फरशी निसरडी आहे, डावीकडून चला. हे वळण अरुंद आहे, इथे टोपल्या आडव्या कराव्या लागतात. या म्हातारीकडे चहा मिळतो, पण तिची विचारपूस केल्यावरच. दिएपबाई सुरुवातीला नुसत्या चालत होत्या. मासळीपाशी त्यांनी एक प्रश्न विचारला. पालेभाजीपाशी आणखी दोन.

नदीकडच्या दाराशी एक खांब आहे. खांद्याच्या उंचीवर त्याचा गिलावा गुळगुळीत, काळपट झालेला.

"हे असं कशाने झालं?"

"आमच्या पाठींनी. माल येईपर्यंत इथेच टेकतो सगळ्या." थोआने खांबाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. "हिला इथेच वाढवली. एकटी ठेवायला जीव होईना, म्हणून कावडीत घेऊन फिरायची. पुढच्या टोपलीत ही, मागच्या टोपलीत तेवढ्याच वजनाचा भोपळा. ही बाळसं धरायला लागली, तसा मी भोपळा मोठा मोठा शोधायला लागले."

"रडायची का?"

"भोपळा रडायचा नाही, एवढाच काय तो फरक."

दिएपबाई खळखळून हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. क्विन खांबाकडे बघत होती.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"हॉटेलात सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

थोआने हे रागाने म्हटलं नव्हतं. पोरीला मात्र ते झोंबलेलं मी बघितलं.

तेवढ्यात दारातून केळीवाली ओरडली, "थोआ! नवरीसारखी नटून काय उभी राहिलीस? माझी केळी काय आपल्या पायांनी चालत जाणार आहेत?"

"विहीणबाई, एवढी एक खेप टाकून येते," थोआ म्हणाली. "तिचं दुकान रिकामं आहे."

तिने माझ्या अंगरख्याचे पदर वर घेऊन कमरेला घट्ट गाठ मारली. वाकून बांबूखाली खांदा दिला, एक श्वास घेतला आणि उठली. केळ्यांचे घड दोन्हीकडे झुलले. पण रविवारची गर्दी. बाहेरगावची माणसं वाट अडवून फोटो काढत होती आणि कोणी हलेना.

क्विनने हातातल्या पिशव्या सासूच्या हाती दिल्या आणि आईच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"कृपया, जरा बाजूला व्हाल का?"

मासळीवाली फिदीफिदी हसली. "कृपया म्हणे! अगं, हॉटेल आहे का हे?"

क्विन लाल झाली. तिने एकदा वळून आईकडे बघितलं. मग पोटातून आवाज काढला, "सरका! वजन आहे! सरका, सरका!"

गर्दी फाटली. दोघी आत शिरल्या आणि लगेच दिसेनाशा झाल्या. क्विनचा आवाज तेवढा येत राहिला, आधी मसाल्याच्या गल्लीतून, मग भांड्यांच्या, मग आणखी आतून कुठून तरी. दिएपबाई खांबाला पाठ टेकून उभ्या होत्या. मी काही बोलणार, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. त्या सुनेचा आवाज ऐकत होत्या.