हात मिळाले, कागद राहिला

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी आमच्या विद्यापीठात आलंच, तर सुतारशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकदा डोकावून बघा. मोडक्या बाकांना टेकून उभा असलेला तो सूचनाफलक म्हणजे मी. माझी काच तडकली आहे, आतलं हिरवं कापड विटलं आहे. त्या कापडावर एक कागद अजून टाचलेला आहे. तो निघावा म्हणून मी हे सांगतो आहे. मला स्वतःला हात नाहीत.

मी इथल्याच सुतारशाळेत जन्मलो. जुन्या बाकांचं सागवान उरलं होतं, त्यातून सार्वोनो नावाच्या सुताराने मला घडवलं. तो भूगोल विभागाच्या भिंतीवर मला बसवत होता, तेव्हा एक तरुण बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जरा खाली घ्या ना. माझ्याएवढ्या बुटक्या मुलींनी काय उड्या मारून वाचायचं?" सार्वोनोने मला चार बोटं खाली घेतलं. त्या प्रिहातिनबाई. नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी सार्वोनोशीच लग्न केलं. शिकवणारी बाई आणि सुतार, म्हणून बरीच कुजबुज झाली. बाईंनी लग्नाचं निमंत्रण माझ्यावर लावलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं.

माझा एक नियम होता. विभागप्रमुखांच्या शिक्क्याशिवाय माझ्यावर कागद लागत नसे, आणि ज्याने लावला त्याच्या सहीशिवाय तो निघत नसे. त्यामुळे माझ्यावर आलं ते खरं, असं सगळे मानत. मलाही त्याचा अभिमान होता. आता वाटतं, तेवढा अभिमान बरा नव्हता.

वीस वर्षं चांगली गेली. मग हार्जितोसर विभागप्रमुख झाले. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा होता, थोडा उतावळा. विभागाचं वार्षिक पुस्तक तेच काढत. त्या वर्षी प्रिहातिनबाईंचा डोंगराकडच्या गावांतल्या विहिरींवरचा लेख त्यात आला. मोजमाप करायला त्यांची विद्यार्थिनी लिंतांग गावोगाव फिरली होती. पण छापील लेखावर एकट्या बाईंचंच नाव होतं. कुणीतरी सरांच्या कानावर घातलं. सरांनी बाईंना बोलावून विचारलं नाही. तडक एक पत्र लिहिलं, शिक्का मारला आणि माझ्यावर लावलं. मथळा होता, 'अध्यापकांच्या वर्तणुकीबाबत'. खाली बाईंचं पूर्ण नाव, आणि त्यांनी विद्यार्थिनीचं काम स्वतःच्या नावावर खपवलं, असा आरोप.

त्या दिवशी माझ्यासमोर जेवढी गर्दी झाली तेवढी निकालाच्या दिवशीही होत नसे. दोघं तरुण अध्यापक चहाचे पेले घेऊन उभे होते. एक म्हणाला, "बघ, ज्या जास्त हसून बोलतात ना, त्यांच्यापासूनच सांभाळून राहावं." दुसरा म्हणाला, "हळू बोल, नवरा खाली खिडकी दुरुस्त करतोय. त्याच्या हातात पटाशी आहे." दोघं हसले.

चार दिवसांनी लिंतांग हस्तलिखित घेऊन आली. पहिल्याच पानावर दोघींची नावं होती, बाईंच्या हातची. पुस्तकाची पानं जास्त होत होती म्हणून ते पहिलं पान सरांनी स्वतःच गाळलं होतं, लेखावर नुसतं बाईंचं नाव घातलं होतं, आणि मग विसरले होते. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी ते पान दोनदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले. पान घेऊन ते खोलीत गेले. आता कागद निघणार, असं मला वाटलं.

निघाला नाही. पुढच्या आठवड्यात ईद होती. ईदनंतर आमच्याकडे सगळा विभाग रांगेत उभा राहतो, प्रत्येक जण प्रत्येकाचा हात हातात घेतो आणि जाणता-अजाणता झालेल्या चुकांची माफी मागतो. रांग माझ्या समोरच लागते. हार्जितोसर बाईंसमोर आले. इतरांचे हात क्षणभर धरले होते, बाईंचा हात त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. डोळे ओले होते. म्हणाले, "माझं काही चुकलं असेल तर माफ करा." बाई म्हणाल्या, "केलं सर. मलाही करा." सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांना बरं वाटलं. मग सगळे केळीच्या पानातला भात खायला गेले. भांडण मिटलं होतं. कागद माझ्यावर तसाच होता.

बाईंनी महिनाभर वाट पाहिली. आमच्याकडे मोठ्यांना तोंडावर काही मागत नाहीत, म्हणून आधी दोघा-तिघांकडून निरोप पाठवले. शेवटी एक दिवस सर माझ्यावर काही लावत असताना त्या स्वतःच आल्या.

"सर, तो कागद."

"बाई, आता ते उकरून कशाला काढायचं? सगळ्यांसमोर हात मिळवले आपण. आता काढला तर लोक पुन्हा विचारतील, का काढला? तुम्ही माफ केलंत ना?"

"मी माफ केलं सर. पण या काचेमागे मी अजून चोर आहे."

सर म्हणाले, बघतो. तीन वर्षं ते बघत राहिले. तेवढ्या काळात बाईंची बढती दोनदा अडली. कारण कुणी लिहून दिलं नाही. नवी मुलं त्यांच्या हाताखाली काम करायला कचरू लागली. बाई वर्गाकडे जाताना माझ्यापुढून मान वळवून जात. मला भिंतीवरून पडून फुटावंसं वाटे. तेही मला जमत नव्हतं.

मग त्या आजारी पडल्या. एका दुपारी त्या सार्वोनोचा हात धरून राहिलेली पुस्तकं न्यायला आल्या. अर्धी झाली होती ती बाई. सार्वोनोने खिशातून पेचकस काढला आणि माझ्या बिजागरीला लावला.

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही काढलात तर म्हणतील, नवऱ्याने चोरून काढला. ज्यांनी लावला त्यांनीच काढायला हवा."

"आणि नाही काढला तर?"

बाई पुस्तकं उचलायला वळल्या. त्याने पेचकस खिशात ठेवला. मित्रांनो, एक पेच अर्धा फेरा सैल झाला होता, ते फक्त मला कळलं. बिजागरी माझीच होती.

अठरा दिवसांनी त्यांच्या निधनाची सूचना माझ्यावर लागली. जागा नव्हती म्हणून ती त्या पत्राच्या शेजारीच टाचली. एका कागदावर आदरणीय शिक्षिका, दुसऱ्यावर चोर. लोक दोन्ही वाचत. दफनाच्या वेळी रिवाजाप्रमाणे विचारलं गेलं, ही व्यक्ती कशी होती? सगळे म्हणाले, चांगली. हार्जितोसरांचा आवाज सर्वांत मोठा होता, असं माझ्यासमोर कुणीतरी सांगितलं.

चौथ्या दिवशी सार्वोनो सरांना माझ्यासमोर घेऊन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तिला चांगली म्हणालात. मातीने ऐकलं. आता इथे लिहा."

सर रडले. मनापासून रडले. म्हणाले, समितीपुढे ठेवतो. समितीने उत्तर दिलं की हे प्रकरण ईदच्या वेळी आपसांत मिटलेलं आहे. वाद शिल्लक नाही, म्हणून दुरुस्तीही शिल्लक नाही. त्याच वर्षी सर निवृत्त झाले. नंतर आलेल्या प्रमुखांनी सांगितलं, दुसऱ्याच्या सहीचा कागद मी कसा काढू?

पुढे नवी इमारत झाली. तिथे सूचना पडद्यावर दिसतात. मला उतरवायचं काम सुतारशाळेकडेच आलं. सार्वोनोने मला पाठीवर घेऊन इथे आणलं. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. त्याने काच उघडली आणि निधनाची सूचना जपून काढून घेतली. पत्रावर त्याची बोटं आली आणि थांबली. मग त्याने काच लावून टाकली. तेव्हापासून दर शुक्रवारी तो नमाजानंतर येतो, काच पुसतो आणि नव्या प्रमुखांना दिलेला अर्ज मला वाचून दाखवतो. अजून उत्तर आलेलं नाही. त्याची नजर आता अधू झाली आहे, अर्ज तो जवळजवळ पाठच म्हणतो.

पत्राची शाई उडत चालली आहे. आरोप आता वाचता येत नाही. ठळक छापलेला मथळा आणि त्याखालचं बाईंचं नाव मात्र राहिलं आहे. नव्याने बघणाऱ्याला एवढंच कळतं की या बाईंनी काहीतरी केलं होतं. काय केलं, ते तो आपल्या मनाने भरतो. मित्रांनो, हे आधीपेक्षा वाईट आहे.

तुम्ही उद्या शिकाल, शिकवाल, तुमच्या हातातही शिक्का येईल. कुणाबद्दल चार लोकांत लिहिण्याआधी त्या माणसाला एकदा बोलावून विचारा. आणि चूक झालीच, तर माफी जरूर मागा, पण त्यावर थांबू नका. जिथे टाचणी मारलीत तिथे परत जा आणि ती स्वतःच्या हाताने काढा. माणूस जिवंत आहे तोवर काढा.

हार्जितोसर याच गावात राहतात, असं ऐकतो. ओळखत असाल तर त्यांना सांगा, शेडला कुलूप नाही.