ओळीबाहेरचं पाणी

मी एक जुनी झारी आहे, मित्रांनो. बुडाशी फुटलेली, कुंपणाला उलटी टांगलेली. नगरच्या छावणीजवळच्या या फौजी कब्रस्तानात तुम्ही सहलीला येता, पांढरे दगड मोजता, गुलाब बघून "किती छान" म्हणता. ते गुलाब माझ्या पाण्यावर वाढले. पण मला सांगायचंय ते गुलाबांचं नाही.

मोहियोद्दीन पत्रेवाल्याने मला रॉकेलच्या डब्यापासून घडवलं, तोंडाला एकवीस भोकं पाडली. गिदोन माळ्याच्या हातात मी रोज पन्नास फेऱ्या घालायची. साहेबलोक फिरायला येत, दगडांवरची नावं वाचत, हिरवळीची तारीफ करत. मी फुगून जायची. आता लाज वाटते.

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात पाथर्डीकडची हाजराबी आली. सर्व्हिस मोटारीच्या धुळीने पांढरी झालेली, पदराला गाठ, हातात सरकारी कागद. एकेका दगडाला हात लावत ती गिदोनपाशी पोचली.

"दादा, माझा नूरमहंमद कुठल्या दगडाखाली हाय?"

गिदोनने कागद वाचला. "बुबू, त्यो ब्रह्मदेशात पडला. हितं न्हाई."

"सरकारनं नेला, कब्रस्तानबी सरकारचंच. मग ठिवला कुटं?"

गिदोनने कागदाची घडी करून तिच्या हातात परत दिली. ज्यांनी उत्तर द्यायचं, त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

तिने पदराची गाठ सोडली. आत घरच्या रानातली माती आणि कबरीवर लावतात त्या सब्ज्याचं बी. "मयताला तीन मुठी माती द्यावी लागती. माझ्या पोराला कुनी दिली आसंल का?"

गिदोनने शेवटच्या ओळीपुढे, रिकाम्या जागेत, हातभर जमीन उकरली. तिने तीन मुठी माती टाकली, बी पेरलं, मला दोन्ही हातांनी धरून पाणी घातलं.

"रोज घालशील ना रं?"

"घालतो. हितल्या कुनीबी अजून पानी पुरं म्हटलं न्हाई. त्यात ह्यो एक."

ती पदराआड हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

गिदोनने शब्द पाळला. दिवसाचं शेवटचं पाणी तिथेच. सब्जा गुडघ्याएवढा झाला, वास फाटकापर्यंत यायचा.

मग तपासणीचा साहेब आला. "हे ओळीत नाही. कागदावर नाही. उपट."

नोकरी गेली तर घरी चार तोंडं. गिदोनने मान खाली घातली आणि ज्या हाताने रोज पाणी घातलं त्याच हाताने सब्जा मुळासकट उपटला. जमीन चोपून सपाट केली.

वर्षाने, ऐन दुष्काळात, हाजराबी आली. जागा तिला ओळखू येईना.

"दादा, सब्जा उगवलाच न्हाई का?"

"उगवला हुता, बुबू. गुरं शिरली."

ती खाली बसली. मातीवरून हात फिरवत राहिली. "खाऊ दे. दुष्काळात त्यांनी तरी काय खावं. माझ्या नूरूपाशी कुनाचं तरी पोट भरलं."

एकवीस भोकं होती मला, मित्रांनो. एकातूनही खरं बाहेर पडलं नाही.

ती पुन्हा आली नाही. ती गेली त्याच संध्याकाळी गिदोनने मला दगडावर आपटलं. बूड फुटलं ते तेव्हाचं. त्याला नवी झारी मिळाली, मी कुंपणावर गेले.

बुडाला कथलाचा डाग देऊन मला नीट करा, असं मी म्हणत नाही. गुलाबांना जपणारे पुष्कळ आहेत. तुम्ही एवढंच करा. दगड मोजून झाले की तिथेच माघारी फिरू नका. शेवटच्या ओळीपुढे चार पावलं चाला. तिथे काहीच दिसणार नाही. तांब्यात उरलेलं पाणी तिथे ओता.