बोहनीचं विमान

केवळाबाईचं विमान अजून पडलं नव्हतं, म्हणून भुजंगाला दुकानाचं शटर पूर्ण वर करता येत नव्हतं. अर्ध्यावर ओढलेल्या शटरखाली तो वाकून उभा होता. बाहेर मानवतचं बसस्टँड जागं झालं होतं, परभणीची गाडी लागली होती, आणि आत त्याची बायको लाकडी खोक्यावर उभी राहून लढाऊ विमान चालवत होती.

"आगं, पडू दे की आता. किशनराव येऊन उभे हायेत."

"मी काय धरून ठिवलंय का त्याला? पडना, तर काय करू?"

"मुद्दाम पाड."

"मुद्दाम पाडल्याली बोहनी चालत आसती का कुठं?" तिनं दांडी डावीकडं ओढली, बटन दाबलं, समोरचं जहाज फुटलं. "तर काय सांगत व्हते मी, आईनं मंग ती लंगडी मेंढी पाटकुळी घेतली आन् नदी वलांडली. तवा मी तिच्या लुगड्याला धरून..."

भुजंगानं कंबरेवर हात ठेवला आणि ऐकत राहिला. न ऐकून जातो कुठं?

रिवाज त्याचाच होता. पाच वर्षांपूर्वी नांदेडहून हे व्हिडिओ गेमचं मशीन आणलं तेव्हा पहिला डाव तो स्वतः खेळला होता. हातभर पुढं जायच्या आत त्याची तिन्ही विमानं पडली आणि दिवसभर दुकानात माशी फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं केवळाबाईला पुढं केलं. हळदीकुंकू वाहून एक रुपयाचं नाणं तिनं फटीत टाकलं आणि बटन दाबलं. तिचंही विमान लगेच पडलं, पण त्या दिवशी दुकान भरलं. तेव्हापासून पहिला डाव घरच्या बाईचा, नाणं तेच, कुंकवाचं, आणि तिचा डाव संपेपर्यंत परक्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. एवढंच ठरलं होतं. बाई पुढं एवढी तरबेज होईल आणि एका नाण्यात अर्धा अर्धा तास काढील, हे काही ठरलं नव्हतं.

केवळाबाई शाळेत गेली नव्हती. बाप मेंढरं राखायचा, सासरा धोंडीबाही तेच करायचा. उंचीनं ती एवढी बेताची की दांडीपर्यंत हात नीट पोचावा म्हणून चहाच्या पेटीचं खोकं पायाखाली घ्यावं लागे. घरात तिचं बोलणं भाकरी, पाणी आणि लाकडं यांपलीकडं जात नसे. पण दांडी हातात आली की तिला कंठ फुटायचा. डोळे काचेवर, हात दांडीवर, आणि तोंड आपलं चालू. लहानपणची रानं, मेलेल्या बहिणीच्या खोड्या, पहिल्या बाळंतपणात गेलेलं पोर, सगळं तिनं नवऱ्याला सांगितलं ते या मशीनपुढं, त्याच्याकडं पाठ करून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. त्यातली वीस गप्प गेली, असंच म्हणायचं.

"गेलं बगा," ती म्हणाली आणि खोक्यावरून उतरली. "उघडा आता."

शटर वर गेलं. किशनराव कंडक्टर खांद्यावरची पिशवी सावरत आत आले. दोन फेऱ्यांच्या मधे ते एक डाव खेळायचे. त्यांनी नाणं टाकलं, काचेला नाक लावलं आणि लगेच मागं सरले.

"भुजंगराव, आवं काय दिसायलंय ह्यात? धुकं पडल्यावानी झालंय सारं."

"पिक्चर ट्यूब दमलीय."

"ट्यूब दमलीय आन् गेमबी दमलाय. तिकडं टाकीजच्या मागं नवं मशीन आलंय, बगितलं का? दोन गडी एकमेकाला लाथा-बुक्क्या हानतेत. जागा मिळना उभं राहायला. राग नका मानू, पर उद्यापासून मी बी तिकडंच जानार. तुमाला चोरून जान्यापरीस सांगून जावं म्हनलं."

भुजंग हसला, कारण दुसरं काय करणार? रेडिओ दुरुस्तीवर त्याचं आयुष्य चाललं होतं. मग टीव्ही आले आणि रेडिओ माळ्यावर गेले. म्हणून हे मशीन घेतलं, आता हेही म्हातारं झालं. माणसानं किती वेळा नव्यानं सुरुवात करायची याला काही सुमार असावा, असं त्याला हल्ली वाटे. महिनाभर असंच चाललं तर भाड्याची जागा सोडावी लागणार होती. मग एक कापसाच्या जिनिंगमधली राखणदारी होती, नाहीतर गावाकडं भावाच्या मेंढरांमागं फिरणं. शिकलेला सोल्डरिंगचा हात घेऊन एक्केचाळिसाव्या वर्षी काठी धरायची, या विचारानंच त्याला थकवा आला.

आठवडाभरानं तो नांदेडला, जिथून मशीन आणलं होतं त्या बशीरभाईच्या दुकानात बसला होता. त्याच्या मांडीवर घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं जुन्या खेळाचं कार्ड होतं. हिरवी, वीतभर रुंद पट्टी आणि तिच्यावर शंभरभर काळे तुकडे. मशीनचा जीव म्हणाल तर तेवढाच. बाकी नुसतं लाकूड.

बशीरभाईनं नवं कार्ड लावून दाखवलं. दोन पैलवान काचेवर आले, एकानं दुसऱ्याच्या पोटात लाथ घातली.

"अस्सल माल नहीं है, कापी है," बशीरभाई म्हणाला. "पर तुमच्या मानवतला कोण विचारायलाय?"

भुजंगानं खिशातले पैसे पुढं ठेवले. बशीरभाईनं ते न मोजताच मान हलवली.

"एवढ्यात नाही जमत, भुजंगभाई. वो पुराना कार्ड इधर रखो, तो हिसाब बराबर. विमान का गेम मेले में अब भी चलता."

भुजंगाचा हात घोंगडीवर क्षणभर थांबला. बोहनीचं काय, हे त्याच्या मनात आलं होतं, अगदीच आलं नव्हतं असं नाही. पण त्यानं ते झटकलं. बोहनी काय, कोणत्याही खेळावर होते. देवाला दिवा लागल्याशी मतलब, तेल कुणाच्या दुकानचं हे देव विचारत नाही, असं काहीतरी स्वतःला समजावून त्यानं गाठ सोडली. घोंगडीचा तुकडा मात्र त्यानं परत घेतला.

मानवतला येऊन कार्ड जोडलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. पैलवान आडवे झोपून मारामारी करत होते. विमानाच्या खेळाचं चित्र उभं, म्हणून ट्यूबही आत उभी बसवलेली. मारामारीचं चित्र आडवं. वीस वर्षं रेडिओ उघडणाऱ्या माणसाला ही साधी गोष्ट नांदेडला सुचू नये? केवळाबाई मान वाकडी करून बघत होती.

"आसंच बगायचं आसतंय का ह्ये?"

"न्हाई गं. ट्यूब फिरवावी लागती."

"आन् इमान कुठं हाय ह्यात?"

"इमान न्हाई आता. ह्ये दोन गडी हायेत. ह्याला ह्यानं हानायचं."

"कामून?"

भुजंग मशीनमागचे स्क्रू सोडायला लागला. "बरं," ती म्हणाली आणि भाकरी टाकायला घरी गेली.

दोन दिवस तो मशीनमधे डोकं घालून बसला. ट्यूब आडवी केली तर कपाटात मावेना. दोन्ही बाजू कापून रुंद कराव्या लागल्या. फिकट पडलेल्या ट्यूबला जरा जास्त व्होल्टेज दिलं, तेव्हा रंग वर आले. दोन बटनांच्या जागी सहा हवी होती. ती परवडेनात, म्हणून त्यानं बाजारातून दारावरच्या घंटीची सहा बटनं आणली आणि तीच बसवली. स्वतःवरच तो थोडा खूष झाला. शेवटी एका बाजूला हातभर लाकूड कमी पडलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कोपऱ्यातलं चहाच्या पेटीचं खोकं ओढलं आणि करवत लावली. फळ्या अगदी मापात बसल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाई न्हाऊन आली. मशीनपुढं उभी राहिली, पायानं खोकं चाचपलं. मग तिची नजर मशीनच्या बाजूला गेली. नव्या फळीवर चहाच्या पेटीची निळी अक्षरं अर्धी दिसत होती. टाचा उंच करून तिनं कुंकवाचं नाणं फटीत टाकलं.

पैलवान आले. तिनं दांडी डावीकडं ओढली, तसा तिचा गडी मागं सरला. एक बटन दाबलं, दुसरं दाबलं. समोरच्यानं तिला धरलं, आपटलं, लाथ घातली. परत एकदा तेच. अर्धा मिनिटही झालं नसेल.

"संपलं?" तिनं विचारलं.

"संपलं."

"येवढंच?"

"शिकशील की हळूहळू. इमानबी आदी कुठं येत व्हतं?"

"उघडा मंग," ती म्हणाली.

दुकान मात्र चाललं. किशनराव चौथ्याच दिवशी परत आले आणि सोबत डेपोतले तिघं घेऊन आले. कॉलेजची पोरं आली, मोंढ्यातले पोती वाहणारे हमाल आले. घंटीची बटनं धडाधड वाजत राहिली. भुजंगानं जागा सोडायचा विचार सोडून दिला. त्याला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण सकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं होई. शटर अर्ध्यावर ओढायचं, अर्धा मिनिट थांबायचं, वर करायचं. बस्स. लंगडी मेंढी पाठीवर घेऊन नदी ओलांडल्यावर पुढं काय झालं, हे त्यानं एकदा घरी जेवताना विचारलं.

"कोनती मेंढी?" केवळाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात कोरड्यास वाढलं.

तेव्हा त्याला कळलं. उशिरा, पण कळलं. नुसतं तिचं विमान त्यानं विकलं होतं असं नाही. तिचं बोलणं विकलं होतं, आणि वर तिची उभी राहायची जागा करवतीनं कापली होती. बाईनं एका शब्दानं तक्रार केली नाही याचाच त्याला राग आला, आणि तो राग कुणावर काढावा हेही कळेना.

सोपं होतं तसं. जुनं कार्ड विकत परत आणायचं, दोन्ही ठेवायची. सकाळी ट्यूब फिरवून जुनं लावायचं, तिचा डाव झाला की नवं. थोडी कटकट, पण होण्यासारखी. संक्रांत झाली की नांदेडला जाऊ, असं त्यानं ठरवलं. आणि संक्रांतीलाच मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली. सोळा वर्षं चाललेली गोष्ट एका दिवसात ठरली. स्टँडवर पोलीस आले, गाड्या डेपोत गेल्या. किशनराव रिकामी पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

"नांदेडला कवा जाईल गाडी?" भुजंग रोज विचारायचा.

"आसं काय आडलंय तुमचं नांदेडला?"

"एक चीज ठिवलीय तिथं."

"मंग ऱ्हाईल की. चीज कुठं पळून जाती?"

पाचव्या दिवशी गाड्या सुटल्या, पहिल्याच गाडीनं तो गेला. बशीरभाईनं त्याला पाहून चहा सांगितला. यावरूनच भुजंगाला अंदाज आला.

"परसों गया," बशीरभाई म्हणाला. "जत्रेवाला होता, निजामाबादकडचा. तीन दिन पहले आ जाते तो तुमचंच होतं. पण नेला त्यानं. दुसरा कुठला देऊ? मोटर का गेम है, घोडे का है."

"न्हाई. तेच पायजे व्हतं."

"इतना क्या था उसमें?"

भुजंगानं चहा संपवला. निघताना त्यानं दारातलं एक रिकामं खोकं मागून घेतलं, पिक्चर ट्यूब पॅक करून येते तसलं, जाड फळ्यांचं. बशीरभाईनं त्याचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. केवळाबाई ऐकत होती.

"उगा गेलात," ती म्हणाली. "येवढ्या गर्दीत, उभ्यानं."

"चुकलं माझं, केवळा."

"दुकान चालायलंय न्हवं? मंग चुकलं कसं?" चुलीतलं लाकूड मागं ओढत ती म्हणाली, "लय लांबपतूर जात व्हते मी त्यात. पार समिंदराच्या पलीकडं. तुमी कदी बगितलंच न्हाई, तुमी शटर धरून ऱ्हायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवं खोकं मशीनपुढं ठेवलं. वर घोंगडीचा तुकडा अंथरला. केवळाबाईनं ते पाहिलं, पदर खोचला आणि वर चढली. उंची बरोबर होती. तिनं नाणं कपाळाला लावलं आणि फटीत टाकलं.

बाहेर किशनराव आणखी चारपाच जणांना घेऊन उभे होते. भुजंगानं या खेपेला शटर अर्ध्यावर ठेवलं नाही. आतून पार खाली ओढून घेतलं आणि येऊन तिच्या बाजूला उभा राहिला.

तिनं दांडीला हात लावला नाही. दोन्ही हात पदरात घेऊन ती काचेकडं बघत राहिली. तिचा गडी जागच्या जागी उभा होता, श्वास घेत, मुठी वळून. समोरच्यानं पहिली लाथ घातली, मग दुसरी. तिचा गडी पडला, उठला, पुन्हा तसाच उभा राहिला. बाहेरून कुणीतरी शटरवर थाप मारली.

"हात तरी लाव," भुजंग हळूच म्हणाला.

"मला न्हाई कुनाला हानायचं."

गडी शेवटचा पडला. काचेवर नवं नाणं टाकायच्या मुदतीचे आकडे उलटे पळायला लागले. ते शून्यावर येईपर्यंत केवळाबाई खोक्यावर उभी राहिली, कारण डाव पुरा झाल्याशिवाय बोहनी होत नाही. मग ती खाली उतरली आणि कोपऱ्यातला झाडू घेतला.

"झाली बोहनी," ती म्हणाली. "उघडा."