हिवाळ्याची पोती

"बाबा, जुलै आला तरी वाळूची पोती कशाला वागवताय?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या शेल्बी आणि जोलीननं पैज लावली होती, "दम असेल तर विचार." आणि ह्या वर्षी माझ्यात दम जरा जास्तच आलाय. शाळेत गाड्यांच्या तासाला मी सगळ्यांसमोर सांगून बसले होते, की आमचा पिकअप एका गॅलनला दोन मैल जास्त धावेल, बघाच. चाकांत हवा भरली, एअर फिल्टर बदलला, बाबांना साठच्या वर जाऊ देईना.

बाबा शेतांवरच्या विहिरींचे पंप दुरुस्त करतात. दिवसाला दोनशे मैल सहज होतात. पेट्रोल परवडेना, म्हणून लांबची शेतं सोडायला लागले होते. परवा हॉगन आजींनाही नाही म्हणाले, त्यांच्या गाई तहानलेल्या असताना.

राहिली ती आठ पोती. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून आमच्याकडे सगळेच ऑक्टोबरात पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकतात, एप्रिलमध्ये काढतात.

बाबा पाना पुसत राहिले. "राहू दे गं. फार जड नाहीत."

"पाचशे पौंड आहेत, बाबा. हिशोब केलाय मी."

"तू कशाचाही हिशोब करशील."

मग मी स्वतःच हौद्यात चढले. एका पोत्याला हात घातला आणि सुतळी दिसली. दोन वेढे, वर एक उलटी गाठ. अशी गाठ आमच्या घरात फक्त कोरीदादा मारायचा. ऑक्टोबरात ही पोती त्यानं भरली. नोव्हेंबरात तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला.

इतके महिने मी ती पोती पाठीमागे घेऊन शाळेत गेले होते.

मी खाली उतरले. बाबा म्हणाले, "गाठी सोडायला गेलो होतो एप्रिलात. हातच..." आणि पुन्हा पाना पुसू लागले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

रात्री जेवायला बसलो. आई बटाट्यांचं भांडं उगाच इकडचं तिकडं करत होती.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "रविवारी पोती काढायची. वाळू दादानं जिथून आणली, तिथंच नदीवर ओतायची. ऑक्टोबरात नवी पोती मी भरणार."

बाबांनी काटा खाली ठेवला. आई हळूच म्हणाली, "अगं, पण त्या गाठी..."

"गाठी सोडायच्या नाहीत. पोती खालून उसवायची."