हमीचा आकडा

वीजकेंद्राची अभियंता नोराल्बा किसेनोनं तो आकडा अकरा वर्षांपूर्वी सहीनिशी लिहून दिला होता. कितीही कोरडं वर्ष येवो, ला तिग्रेरा नदीवरचं आपलं केंद्र एवढी वीज देईलच. तिचं खरं गणित पाचव्या हिश्शानं कमी भरत होतं. पण मॅनेजर आरोयावेसाहेबांनी आकडा फुगवला. ही नदी आटलेली तुझ्या आजीनं तरी पाहिली आहे का, असं हसत विचारलं. नोकरी नवी होती. तिनं सही केली, आणि त्या आकड्यावर शहराशी करार झाला.

आता गेल्या डिसेंबरपासून पाऊस नव्हता. धरणाचं पाणी बोगद्यातून थेट खाली टर्बाइनवर जायचं. मधल्या नऊ किलोमीटरच्या पात्रात नियमापुरती धार सोडायची. मार्चमध्ये कंपनीनं टंचाईचं कारण दाखवून तीही निम्मी करून घेतली. त्याच पात्राकाठी लास हुंतास गाव होतं, आणि तिथं नोराल्बाला लहानाची मोठी केलेली एदिल्मा मावशी.

मावशी एका सकाळी तीन बायका घेऊन चढ चढून केंद्रावर आली. तळ्यातले मासे मेले, शाळेत स्वयंपाकाला पाणी नाही, हे तिनं भांडणाचा सूर न लावता सांगितलं. मग म्हणाली, "धरणाचं ते झाकण तूच फिरवतेस ना गं? मग जरा आमच्याकडे फिरव."

नोराल्बानं मेदेयिनला, कंपनीच्या मुख्य कचेरीत, फोन लावला. हमी कमी करा, म्हणून साहेबांना विनवलं. ते शांतपणे म्हणाले, "हमी माझी नाही, किसेनोबाई. कागदावर सही तुमची आहे."

राजीनामा द्यावा, तर दुसरा कोणी येऊन तोच आकडा पुरा करणार. धार वाढवावी, तर करार मोडणार आणि केंद्रातल्या चाळीस जणांचा रोजगार जाणार. तीन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी तिनं वीज नियामकाला पत्र लिहिलं: आकडा खोटा होता, मला माहीत होतं, सही माझीच.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. आकडा दुरुस्त होईल, पण येत्या डिसेंबरपासून. चालू मुदतीची हमी कायम. चौकशी संपेपर्यंत जबाबदार अभियंत्यानं जागा सोडू नये. साहेबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. हुकूम आता फक्त पडद्यावर उमटायचे. रोज सकाळी एक आकडा यायचा, आणि तेवढं पाणी ती बोगद्यात सोडायची.

मग ती दुपारी केंद्राच्या टँकरमधून गावात पाणी नेऊ लागली. बायका रांगेत उभ्या राहायच्या, तिच्याशी फारसं बोलायच्या नाहीत. एदिल्मानं पहिल्या दिवशी बादली भरून घेतली आणि खाली ठेवली.

"नदी पळवतेस आणि टाकी आणतेस," ती म्हणाली. "दमत नाहीस?"

नोराल्बानं नळी पुढच्या बादलीत घातली. डिसेंबरला अजून सात महिने होते.