टोपलीखाली काय असतं

किरण शेडग्याचं महाडच्या बाजारात चष्म्यांचं दुकान होतं, पण तिथं चष्म्यांपेक्षा आदिमानवच जास्त खपायचा. गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं की किरण त्याच्या डोळ्यांवर भिंगं चढवायचा, आणि आता हे जागचं हलू शकत नाही अशी खात्री झाली की सुरू व्हायचा. माणूस शेकोटीभोवती गोल का बसू लागला, पहिलं मडकं कुणाच्या चुकीनं भाजलं गेलं असेल, जेवायला उजवाच हात का. चार पुस्तकांच्या जोरावर त्यानं अख्खं अश्मयुग निकालात काढलं होतं. खंत एकच होती, की यातलं काहीच त्यानं स्वतः शोधलेलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत त्याच्या मेहुण्याच्या, नाथूच्या, पोराचं बारसं निघालं. सासुरवाडी कुडपणला, पोलादपूरच्या वर डोंगरमाथ्यावर. लग्नानंतर किरण तिथं एकदाच जाऊन आला होता. पुढं दुकानाचं निमित्त सांगून त्यानं ती चढण चुकवली आणि बायको, रंजिता, एकटीच माहेरी जाऊन येत राहिली. या खेपेला मित्र सईदनं आपली जीप काढली, तेव्हा निमित्तच उरलं नाही. रंजिताही बरोबर होती. वाटभर किरणनं सईदला आदिमानव डोंगरावर का राहायचा ते सांगितलं. सईद मान डोलवत होता, पण लक्ष वळणांवर ठेवून.

वाडीत शिरताच किरण थबकला. पाहुणे जेवायला बसलेल्या प्रत्येक घरी उंबऱ्याबाहेर एक टोपली पालथी घातलेली आणि तिच्यावर दगड. त्यानं हळूच एक उचलून पाहिली. खाली काही नव्हतं. नाथूला विचारलं तर तो म्हणाला, पाव्हणा जेवाय बसला की ठेवायची. का? तर ठेवतात म्हणून.

पुढच्या रविवारी वाचनालयात किरणचं भाषण ठरलं होतं आणि विषय काही सुचत नव्हता. आता विषयच पालथा घालून समोर ठेवलेला. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या रंगूबाईला त्यानं गाठलं. ती म्हणाली, रीत लई जुनी हाय, माज्या सासूच्याबी आधीची. मग काय! पंगत बसेपर्यंत त्याचा सिद्धांत तयार झाला. टोपली म्हणजे धान्याचं कोठार, दगड म्हणजे राखण करणारा पूर्वज, आणि रिकामी जागा म्हणजे माणसाची भूक, जी पाहुण्यासमोर झाकून ठेवायची असते. हे त्यानं जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. जावई बोलतोय म्हणून कुणी घास चावायचाही आवाज केला नाही.

सासूबाई, बयाबाई, भात वाढायला आल्या. त्या जरा घुटमळल्या.

"पन जावयबापू, ही तुमच्याकडचीच रीत ना?"

किरणला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा जावई आले तेव्हा घरच्या कुत्र्यानं त्यांचा एक बूट पळवला होता. तो मोठ्या मुश्किलीनं परत मिळाला. दुसऱ्या दिवशी जेवायला बसण्याआधी जावईबापूंनी गोठ्यातली टोपली आणून दाराबाहेर आपल्या बुटांवर पालथी घातली, वर दगड ठेवला आणि मग आत आले. घरच्यांना वाटलं, म्हाडाकडं असंच करत असतील. पुढं नाथूचा सासरा आला. जावयाला टोपली आणि व्याह्याला नाही, हे बरं दिसलं नसतं, म्हणून त्यालाही ठेवली. तो अनवाणी आला होता, त्यामुळे टोपली रिकामीच राहिली. ते शेजाऱ्यांनी पाहिलं.

किरणला ते बूट आठवले. लग्नात घेतलेले, पायाला चावणारे, आणि त्यांच्यासाठी आपण सासुरवाडीची टोपली घेऊन कसे लगबगीनं धावलो होतो तेही. सईदला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना.

"अहो, ते कुत्र्यासाठी होतं," किरण म्हणाला. "बंद करा ते आता."

नाथू म्हणाला, "आता कसं बंद करनार, दाजी? गेल्या साली श्रीपतनं ठेवली नाय. त्याची म्हस आटली."

रंगूबाईला तर जावयाचा संबंधच मान्य नव्हता. रीत तिच्या सासूच्या आधीची होती आणि महाडच्या पाहुण्याला ती आपल्या नावावर करून घेऊ देणार नव्हती.

परतताना जीप पोलादपूरला आली तेव्हा किरणनं रंजिताला विचारलं, तुला हे ठाऊक होतं? तिला ठाऊक होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही सांगतच होतात." एवढं बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली. सईदनं उगाचच हॉर्न वाजवला.

रविवारी वाचनालयात किरणनं सिद्धांत बाजूला ठेवला आणि बुटापासून म्हशीपर्यंत जे घडलं ते सांगून टाकलं. लोक पोट धरधरून हसले. त्याच्या भाषणात कुणी जागं राहण्याची ही पहिलीच वेळ. तो घरी आला तेव्हा जरा हलका झाला होता. एवढी वर्षं आपण प्राचीन माणूस पुस्तकात शोधत होतो आणि तो आपलेच बूट घालून हिंडत होता, हे त्याला कुठंतरी आवडलंही होतं.

चार दिवसांनी तुडीलचा एक म्हातारा चष्म्याला आला. किरणनं भिंगं चढवली, सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याऐवजी त्यानं विचारलं, तुमच्याकडं सणाला काय काय रीती असतात?

म्हातारा खुलला. त्यानं होळीपासून सुरुवात केली, मग चुलत्याच्या वाटणीवर गेला, तिथून एका बैलावर आला आणि बैलाशीच रमला. किरण ऐकत राहिला. त्यानं एक जांभई दाबली, दुसरी दाबली, तिसरी काही दाबली गेली नाही. भिंगांआडून म्हाताऱ्याला ती दिसली नसावी, कारण तो पुढं बोलतच होता, आणि महाडातल्या निम्म्या लोकांनी या खुर्चीत बसून आजवर काय सोसलं असेल, ते किरणला हळूहळू उमगत होतं.